‘चांगली लेन्स कुठली?’ आणि पेटीतली बाकीची पत्रं

मागच्या अंकात चष्म्याच्या काचांवर लिहिलं, तर पत्रं आली ती बरीचशी कॉन्टॅक्ट लेन्सबद्दल. त्यातली काही इथे घेतली आहेत. नावं काढली, गाव तेवढं ठेवलं. आधीच सांगते, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढणं आणि लेन्स बसवणं हे माझं काम. औषधाचा नाहीतर ऑपरेशनचा प्रश्न आला की मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच पाठवणार, तेव्हा ‘तुम्हीच सांगा ना’ असा आग्रह धरू नका.

प्रश्न : ताई, मी बारामतीची, पुण्यात हॉस्टेलला राहते. चष्म्याचा नंबर उजव्या डोळ्याला उणे साडेसहा, डाव्याला उणे सात. दुकानदाराने लेन्स दिल्या त्या उणे सहा आणि उणे साडेसहाच्या. म्हणे लेन्सला कमीच नंबर लागतो. स्टॉकमध्ये होत्या त्या खपवल्या का? आणि डेली घ्यायच्या की मंथली? चांगली कंपनी कुठली?

खपवल्या नाहीत गं. त्याचा हिशेब बरोबर आहे.

चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर पुढे असते, आणि लेन्स थेट बुबुळावर बसते. उणे नंबरची काच जितकी डोळ्याच्या जवळ येते तितका तिचा जोर वाढतो. म्हणून तोच परिणाम कमी नंबरात मिळतो. चार नंबरापर्यंत हा फरक धरण्याइतका नसतो, त्यापुढे मात्र धरावाच लागतो. तुझे साडेसहा हिशेबाने 6.03 होतात, म्हणजे सहा. सातचे होतात 6.46, म्हणजे साडेसहा. अधिक नंबराला हे उलटं चालतं. अधिक सहाचा चष्मा असलेल्याला लेन्स अधिक साडेसहाची लागते.

मला खटकलं ते दुसरंच. त्याने तुझा डोळा तपासून लेन्स दिल्या, की चष्म्याच्या चिठ्ठीवरून गुणाकार करून? तू ते लिहिलेलं नाहीस. लेन्सच्या खोक्यावर नंबराशेजारी आणखी दोन आकडे असतात. बीसी, म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई, साधारण 8.4 ते 8.8 असते, आणि डाया, म्हणजे व्यास, 14 मिलिमीटरच्या आसपास. हे दोन आकडे चष्म्याच्या चिठ्ठीवर नसतातच. लेन्स लावून काही वेळ बसवायचं, मग स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या आमच्या यंत्राखाली, बघायचं. पापणी मिटली की लेन्स थोडी हलली पाहिजे. अजिबात हलत नसेल तर ती घट्ट आहे, आणि घट्ट लेन्स गंमत म्हणजे पहिल्या दिवशी सगळ्यात आरामदायक वाटते! संध्याकाळी डोळा लाल होतो, काढल्यावर पांढऱ्या भागावर गोल वळ दिसतो. तेव्हा एकदा नीट ‘फिटिंग’ बघून घे.

आता मटेरियल. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा ऑक्सिजन बराचसा हवेतून, अश्रूंत विरघळून मिळतो. त्यावर लेन्स ठेवली की ही वाट आपण अडवतो. मऊ लेन्सचा शोध लावला ओटो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने. 1961च्या नाताळात, घरच्या घरी, मुलांच्या मेरकुर नावाच्या जोडाजोडीच्या खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून त्याने लेन्स ओतायचं यंत्र बनवलं. त्या लेन्सच्या मऊ, पाणी धरणाऱ्या मटेरियलमधून, हायड्रोजेलमधून, ऑक्सिजन जातो तो त्यातल्या पाण्यातून, म्हणजे बेताचाच. 1990च्या दशकाच्या शेवटी सिलिकॉन हायड्रोजेल आलं. त्यात सिलिकॉनमधूनच ऑक्सिजन जातो, आणि कितीतरी पट जास्त. उणे नंबरची लेन्स कडेला जाड होत जाते, त्यामुळे तुझ्यासारख्या सहा-सात नंबराला हा फरक दोन नंबरवाल्यापेक्षा जास्त भोवतो. कॉर्निया सतत गुदमरत राहिला तर कडेने बारीक रक्तवाहिन्या आत शिरायला लागतात. तुझ्या नंबराला सिलिकॉन हायड्रोजेलच घे, यात मी तडजोड करणार नाही.

डेली (रोज नवी लावून फेकायची) की मंथली, हे मी हॉस्टेलच्या बेसिनवरून ठरवते. मंथली लेन्सला रोज रात्री काय काय करावं लागतं, बघ. साबणाने हात धुऊन कोरडे करायचे. लेन्स तळहातावर घेऊन सोल्यूशनने चोळायची, बाटलीवर काही लिहिलेलं असलं तरी चोळायचीच. डबीतलं कालचं सोल्यूशन ओतून द्यायचं, त्यात भर घालायची नाही. सकाळी डबी सोल्यूशनने विसळून उघडी, उपडी वाळत ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी बदलायची. नळाचं पाणी कुठेही लागू द्यायचं नाही. रात्री दीड वाजता असाइनमेंट संपवून हे करशील? मुली ‘हो’ म्हणतात. मग डबी बघते तर तळाशी बुळबुळीत थर! आणि मंथली म्हणजे पाकीट फोडल्यापासून महिना, तीस वेळा वापरून होईपर्यंत नव्हे. कॉलेजात आठवड्यातून तीन दिवसच लावणार असशील तर डेली महाग पडतच नाहीत. बाकीचे दिवस चष्मा.

कंपनीचं नाव सांगणार नाही. नावाजलेल्या सगळ्यांच्याच लेन्स चांगल्या आहेत. कुणाच्या डोळ्याला कुठली मानवते, हे लावून बघितल्याशिवाय मलाही कळत नाही.

प्रश्न : मी साताऱ्यात लग्नांचे फोटो काढतो. नंबर उणे दीड, सिलिंडर उणे 1.75, अक्ष 180. चष्मा कॅमेऱ्याला अडतो म्हणून लेन्स घेतल्या. दुकानात ‘सिलिंडर नंबरात अ‍ॅडजस्ट करतो’ म्हणाले. दिसतं, पण अक्षरांना सावली येते, फोकस लागलाय की नाही कळत नाही.

सिलिंडर म्हणजे एकाच दिशेत लागणारा नंबर, आणि अक्ष म्हणजे ती दिशा. सिलिंडरचा निम्मा आकडा साध्या नंबरात मिळवायचा, ही जुनी युक्ती. अर्ध्या-पाऊण सिलिंडरला ती खपून जाते. पावणेदोनला नाही, आणि ज्याचं पोट फोकसवर आहे त्याला तर मुळीच नाही. तुम्हाला टोरिक लेन्स हवी.

सिलिंडरचा नंबर एकाच दिशेत असतो, त्यामुळे लेन्स डोळ्यात फिरून चालत नाही. म्हणून टोरिक लेन्स खालच्या बाजूला किंचित जाड ठेवतात, किंवा वर-खाली पातळ करतात. प्रत्येक मिटणीला पापणी तिला जागेवर आणून ठेवते. लेन्सवर बारीकशी खूण असते, बऱ्याच लेन्सना ती घड्याळातल्या सहाच्या जागी. आम्ही स्लिट लॅम्पखाली ती खूण कुठे थांबते ते बघतो. दहा अंशांनी जरी सरकली तरी सिलिंडरची जवळजवळ एक तृतीयांश दुरुस्ती वाया जाते. तुमचा 1.75 आणि 180 अक्ष हा तयार मिळणारा, सोपा नंबर आहे. कुणी ‘तुमच्यासाठी खास बनवून आणावी लागेल’ म्हणालं तर दुसरं दुकान बघा.

ट्रायल लेन्स लावाल तेव्हा कॅमेरा घेऊन जा. जमिनीवर आडवं पडून फोटो घेताना, मान तिरकी करताना लेन्स क्षणभर सरकते आणि धूसर होतं. एकदा पापणी मिटली की परत येते. ते चालतंय का, हे व्ह्यूफाइंडरला डोळा लावूनच कळेल. तुमचं सगळं आयुष्य होमाचा धूर, हळद आणि अक्षता यांत जातं, तेव्हा डेली टोरिक घ्या आणि बॅगेत एक जादा जोड व चष्मा ठेवा.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला आहे. दर सहा महिन्यांनी नंबर बदलतो, सिलिंडर साडेचारवर गेला. नाशिकच्या डॉक्टरांनी केराटोकोनस सांगितलं, सी-थ्री-आर करू म्हणाले आणि मग सेमी-सॉफ्ट लेन्स. ऑपरेशन टाळून नुसत्या लेन्स लावल्या तर चालेल का? तो क्रिकेट खेळतो. मऊ लेन्स का नको? मी फार घाबरले आहे.

ताई, घाबरण्यासारखं असतं ते वेळेवर न कळलेलं. तुमच्या मुलाचं कळलंय.

केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होत जातो आणि मधोमध, बहुधा जरा खाली, पुढे येतो. मूळचा कॉर्निया जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. हे बहुतेक वेळा वयात येताना सुरू होतं आणि तिशीपर्यंत वाढू शकतं. पृष्ठभागच वेडावाकडा झाल्यावर चष्मा किंवा एकसारखी लेन्स कशी पुरी पडणार? मऊ लेन्स त्या वेड्यावाकड्या आकारावर तशीच पसरते, म्हणून ती नको. सेमी-सॉफ्ट हे आपल्याकडचं बाजारातलं नाव आहे, लेन्स प्रत्यक्षात कडकच असते. आरजीपी म्हणतात तिला. ती आपला आकार सोडत नाही. लेन्स आणि कॉर्निया यांच्यातली फट अश्रूंनी भरते आणि प्रकाशाला पुढे एक गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. चष्म्याने फळ्यावरचं न दिसणारी मुलं ही लेन्स लावून तक्त्याच्या शेवटच्या ओळी वाचतात. आया रडतात, मुलं मात्र ‘आता निघू का?’ एवढंच विचारतात.

पण लेन्स आजार थांबवत नाही. हे मी ठळक अक्षरांत छापायला सांगणार आहे. लेन्स दिसण्यासाठी आहे, सी-थ्री-आर आजार थांबवण्यासाठी. त्यात रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचे थेंब टाकून डोळ्यावर ठरावीक अतिनील प्रकाश देतात. त्याने कॉर्नियातल्या कोलॅजनचे धागे एकमेकांशी घट्ट बांधले जातात. ही पद्धत जर्मनीत ड्रेस्डेनला विकसित झाली. त्याने नंबर जात नाही, जिथे आहे तिथे थांबावा हा हेतू. सतराव्या वर्षी सहा महिन्यांत इतका बदल होत असेल तर डॉक्टर घाई करतात ती बरोबरच आहे. लेन्स नंतर, डोळ्याची जखम भरून आली की. दोन टोपोग्राफीचे, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशाचे, कागद शेजारी ठेवून ‘किती वाढलं?’ हे डॉक्टरांना विचारा, ते दाखवतील.

आणखी एक. तो डोळे चोळतो का? पत्रात नाही, पण बहुधा चोळत असेल. या मुलांना पुष्कळदा अ‍ॅलर्जीची खाज असते, आणि चोळण्याने पातळ कॉर्निया आणखी बिघडतो. खाजेवर औषध घ्या. रात्री झोपेत उशीत डोळा दाबून झोपतो का तेही बघा. लेन्सच्या खर्चाआधी हे फुकटचं काम करा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आरजीपी बोचते. डोळ्यात कचरा गेल्यासारखं वाटतं, पाणी येतं. वेळ थोडा थोडा वाढवत नेला की सवय होते. साध्या आरजीपीने बसत नसेल तर केराटोकोनससाठीच आखलेल्या लेन्स आहेत. न्यूझीलंडच्या पॉल रोझ यांच्या नावाची रोझ-के त्यातली सगळ्यांना माहीत असलेली. कधी खाली मऊ लेन्स आणि वर आरजीपी अशी जोडीही लावतो.

क्रिकेटसाठी मात्र मी स्क्लेरल लेन्सचा विचार करीन. आरजीपी नऊ-दहा मिलिमीटरची, कॉर्नियावर तरंगणारी. मैदानात धूळ तिच्याखाली गेली की मुलगा बॅट टाकून डोळा धरून बसतो, आणि लेन्स उडूनही पडते. स्क्लेरल पंधरा-सोळा मिलिमीटरची किंवा त्याहून मोठी, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि कॉर्नियाला स्पर्शही करत नाही. आत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाइन भरून ती लावायची, रबरी सकरने. बघायला भीती वाटते, पण डोळ्यात आरजीपीपेक्षा सुखाची असते आणि सहसा पडत नाही. महाग आहे आणि बसवणारे हात अनुभवी लागतात. फारच अवघड डोळा असेल तर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत प्रोज नावाची, त्या त्या डोळ्याच्या मापाची लेन्स बनवून मिळते. तुमच्या मुलाला तिथवर जावं लागेल असं पत्रावरून वाटत नाही.

प्रश्न : मी इचलकरंजीत ब्रायडल मेकअप करते. रंगीत लेन्सचे दोन-तीन जोड ठेवले आहेत, बिननंबरच्या. प्रत्येक वेळी सोल्यूशनमध्ये धुऊन नवरीमुलींना लावते. नंबरच नाही तर तपासायचं काय?

बंद करा. आज.

एकीच्या डोळ्यातले जंतू दुसरीच्या डोळ्यात नेऊन सोडायला याहून सोयीचं साधन नाही. नंबर नसला म्हणून लेन्स काही बांगडी होत नाही. रंगाच्या थरामुळे काही लेन्समधून हवा आणखी कमी जाते, नवरीच्या डोळ्याला ती घट्ट बसतेय का हे तुम्हाला कळत नाही, आणि मुहूर्तापासून पाठवणीपर्यंत ती डोळ्यातच राहते. आपल्या कायद्यातही कॉन्टॅक्ट लेन्स वैद्यकीय उपकरणांत धरली आहे. नवरीला हौस असेल तर लग्नाआधी महिनाभर तपासून तिचा स्वतःचा डेली जोड घेऊ द्या. त्या दिवशी आधी लेन्स, मग काजळ आणि मेकअप. काढताना आधी लेन्स काढायची, मग तोंड धुवायचं. खोट्या पापण्यांचा डिंक लेन्स डोळ्यात असताना फार जपून. एवढं पाळलंत तर तुमचा धंदाही वाचेल.

प्रश्न : मुलगी बावीस वर्षांची. लहानपणी शेतात ज्वारीचं पान लागून उजव्या डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्याने फारसं दिसत नाही. आता स्थळं बघतोय. लेन्सने फूल झाकता येतं असं ऐकलं. – लातूर जिल्हा

झाकता येतं. त्याला प्रोस्थेटिक लेन्स म्हणतात. दुसऱ्या, चांगल्या डोळ्याचा फोटो घेऊन त्या बुबुळाचा रंग, कडेची गडद रेघ आणि बाहुलीचा आकार जुळवतात. छापील मिळते आणि हाताने रंगवलेलीही. आपल्या गडद तपकिरी डोळ्यांना रंग जुळवणं सोपं असतं. त्या डोळ्याने काहीच दिसत नसेल तर बाहुलीची जागा काळी ठेवतात, थोडं दिसत असेल तर मोकळी.

आधी डॉक्टरांकडून एवढं समजून घ्या की कॉर्निया बदलून त्या डोळ्याला दृष्टी येण्यासारखी आहे का. लहानपणीच फूल पडलं असेल तर तो डोळा बघायला शिकलेलाच नसतो, त्यामुळे कॉर्निया बदलूनही फारसा फायदा होत नाही. पण हे तपासल्यावरच ठरतं. इजा झालेल्या डोळ्याची संवेदना कधी कधी कमी असते. लेन्सने जखम झाली तर दुसऱ्याला लगेच कळेल, तिला कळणार नाही. म्हणून तिने रोज लेन्स काढल्यावर आरशात डोळा बघायची सवय लावायची, आणि झोपताना लेन्स नको.

स्थळाचं म्हणाल तर, लेन्स लावून दाखवा, पण डोळ्याचं सांगूनही टाका. लेन्स रोज रात्री काढायचीच असते. ती काढून बेसिनपाशी उभी राहायला तिला भीती वाटू नये. आणि मुलीला विचारा, लेन्स तिला हवी आहे का? पत्र बाबांचं आहे, म्हणून विचारलं.

प्रश्न : वय 46, सोलापुरात बँकेत आहे. नंबर उणे सव्वादोन. लेन्स लावायला लागल्यापासून जवळचं वाचता येईना, चष्म्यात कधी अडचण नव्हती. लेन्सने चाळिशी आली का?

चाळिशी आधीच आली होती साहेब, तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून तिला चकवत होतात. उणे सव्वादोनवाला चष्मा काढला की हातभर अंतरावरचं आपोआप स्वच्छ वाचतो. लेन्स कपाळावर सरकवता येत नाही.

तीन वाटा आहेत. सगळ्यात साधी म्हणजे लांबच्या लेन्स आणि वाचताना वरून दीड नंबराचा तयार चष्मा. मग लेन्स घेतल्या कशाला, असं तुम्ही म्हणाल. दुसरी मोनोव्हिजन. ज्या डोळ्याने आपण नेम धरतो त्याला लांबचा नंबर, दुसऱ्याला जवळचा. दोन्ही डोळे उघडे ठेवून मेंदू जमवून घेतो. काहींना दोन दिवसांत जमतं, काहींचं डोकं दुखतं, आणि अंतराचा अंदाज थोडा कमी होतो. तिसरी मल्टिफोकल. बायफोकल चष्म्यात खालून वाचतो तसं यात नसतं. एकाच लेन्सवर जवळच्या-लांबच्या नंबराची वर्तुळं असतात, दोन्ही प्रतिमा एकाच वेळी डोळ्यात जातात आणि हवी ती मेंदू उचलतो. म्हणून रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसतं, अंधाऱ्या हॉटेलात मेनू कार्ड वाचवत नाही.

तुमचं काम स्क्रीन, काउंटर आणि पासबुक, तेही उजेडात. मल्टिफोकल आधी लावून बघा. ‘अगदी पंचविशीसारखं’ दिसणार नाही. मोबाइल, स्क्रीन आणि रस्ता यांत कामापुरतं दिसलं की ती लेन्स जमली असं मी समजते. रात्री गाडी चालवून सोलापूर–पुणे वारंवार करत असाल तर त्या दिवशी चष्मा लावा. शिवाय एसी आणि स्क्रीनपुढे आपण पापण्या कमी मिटतो, चाळिशीनंतर अश्रूही कमी होतात. लेन्सवर चालणारे थेंब वेगळे असतात, विचारून घ्या.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, दोन वर्षांत नंबर उणे एकवरून उणे तीन. रात्री लावायच्या लेन्सने नंबर जातो म्हणे. – ठाणे

जात नाही, झाकला जातो. ऑर्थो-के नावाची ही कडक लेन्स रात्रभर कॉर्नियाचा मधला भाग किंचित सपाट करते. त्यामुळे दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं. बंद केली की काही दिवसांत नंबर परत. लहान मुलांत आमचा रस वेगळ्या कारणाने आहे, या लेन्सने डोळ्याची लांबी वाढण्याचा (उणे नंबर त्यानेच वाढतो) वेग कमी होतो. तेच काम करणाऱ्या दिवसा लावायच्या मऊ डेली लेन्सही आहेत. मायसाइट या लेन्सला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, नोव्हेंबर 2019मध्ये आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी मान्यता दिली. कमी ताकदीचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब हा तिसरा मार्ग, तो डॉक्टरांचा.

नऊ वर्षांची मुलगी लेन्स लावायला शिकते का? शिकते, आईपेक्षा लवकर. पण झोपेत लेन्स म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका जास्त. घरात हात धुण्याची शिस्त नसेल तर ऑर्थो-के नको. आधी संध्याकाळचा एक क्लास बंद करून तिला रोज दोन तास उजेडात, मोकळ्यावर खेळू द्या. आणि ‘डोळा आळशी होईल’ म्हणून मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊ नका, त्याने नंबर थांबत नाही.

प्रश्न : झोपेत लेन्स डोळ्याच्या मागे गेली तर मेंदूकडे जाईल का?

नाही. पापणीच्या आतली त्वचा वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच चिकटलेली असते, मागे जायला वाटच नाही. फार तर वरच्या पापणीखाली घडी होऊन बसते. थेंब घाला, खाली बघा, वरची पापणी हलकेच चोळा. नाहीच मिळाली तर आधी उशीवर शोधा.

प्रश्न : सासवडजवळ आमची विहीर आहे. उन्हाळ्यात रोज पोहतो. लेन्स घालून डुबकी मारली, डोळे मिटून, तर काय होतं? नंतर स्वच्छ पाण्याने धुतो.

कुठल्या स्वच्छ पाण्याने? विहिरीतच नव्हे, टाकीत, नळात, शॉवरमध्ये, मातीत अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असतो. आपण तो रोज तोंडावर मारून घेतो आणि काही होत नाही. लेन्स असली की तो तिला चिकटून कॉर्नियापाशी तासन्‌तास बसतो, आणि लेन्सने पडलेल्या सूक्ष्म ओरखड्यातून आत शिरतो. परिस्थिती बिघडली की तो स्वतःभोवती कवच करून पडून राहतो. त्या अवस्थेत त्याला पोहण्याच्या तलावातलं क्लोरीनही मारत नाही. डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, आणि दुखणं इतकं की डोळा बघून तेवढं वाटू नये. सुरुवातीला ते हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूच्या संसर्गासारखं दिसतं, म्हणून निदान चुकू शकतं. उपचार महिनोन्‌महिने चालतात, आणि उशीर झाला तर कॉर्निया बदलण्यापर्यंत पाळी येते.

पोहायला नंबरचे गॉगल तयार मिळतात, तुमच्या नंबराच्या जवळपासचे चालतात. लेन्स घरी. चुकून पाण्यात गेलातच तर बाहेर आल्यावर लेन्स काढा. डेली असेल तर फेकून द्या, मंथली असेल तर सोल्यूशनने चोळून, रात्रभर सोल्यूशनमध्ये ठेवल्याशिवाय परत लावू नका. आणि डोळा लाल झाला, दुखला, तर मेडिकलमधून थेंब आणून घालू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर आतला जंतू वाढतो आणि वरवर बरं वाटतं. लेन्स काढा, पण टाकू नका. डबीसकट, त्यातल्या सोल्यूशनसकट पिशवीत घालून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. डोळ्यातून पुरेसा नमुना मिळाला नाही तर प्रयोगशाळा त्या डबीतून जंतू शोधू शकते.